उभ्याने चक्कर येते? पोटऱ्या कामाला लावा

विरार लोकलमध्ये दादरपर्यंत तासभर उभीच असते मी. मे महिन्यात एकदा बोरिवली सुटलं आणि डोळ्यांपुढे अंधारी. एका मावशींनी ओढून बसवलं.

उभं राहिलं की साधारण अर्धा लिटर रक्त पोटात-पायांत उतरतं. मानेच्या धमनीतले दाबाचे पहारेकरी लगेच ठोके वाढवतात, रक्तवाहिन्या आवळतात. उकाड्यात मात्र कातडीतल्या वाहिन्या सैलावतात, गणित कोलमडतं.

म्हणून टाचा उचला, टेका. पोटरी दगडासारखी घट्ट लागली पाहिजे. तीच शिरांतलं रक्त वर ढकलते. टाच हलवायलाही जागा नसेल (नसतेच!) तर पायांची अढी घालून मांड्या आवळा. श्वास रोखू नका. तरी गरगरलंच तर लाज सोडून खाली बसा, पिशव्यांत का होईना.