विमान रद्द झालं तर नागपूरहून दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे कसे मिळवाल?

विमान रद्द झाल्याचा मेसेज आला की त्यातल्या लिंकवर घाईने काहीही दाबू नका. विशेषतः आपणहून तिकीट कॅन्सल करू नका. कंपनीने उड्डाण रद्द केलं तर पूर्ण पैसे परत मिळायला हवेत, पण तिकीट तुम्ही रद्द केल्याची नोंद झाली तर कॅन्सलेशन चार्ज कापला जाऊ शकतो. 'क्रेडिट शेल'ही घाईने स्वीकारू नका. ते पैसे पुढच्या प्रवासासाठी कंपनीकडेच पडून राहतात. ते घ्यायचं की खात्यात रिफंड मागायचा, हे प्रवाशानेच ठरवायचं, असं डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, नियम सांगतो.

मग आधी ठरवा, जायचंच आहे का? मुलाखत, लग्न, मुंबईच्या दवाखान्यातली तारीख असेल तर पर्यायी विमान मागा. हा निर्णय शांतपणे घ्या, कारण रिफंड घेतलात की तुम्हाला पोहोचवायची कंपनीची जबाबदारी संपते आणि नवं तिकीट त्या दिवशीच्या भावाने घ्यावं लागतं. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपूर-मुंबईचा तो भाव खिशाला फार जड जातो. फोन करण्याआधी त्याच कंपनीची त्या दिवशीची आणि दुसऱ्या दिवशीची उड्डाणं बघून ठेवा, पुणे किंवा हैदराबादमार्गे जाणारीसुद्धा. मग थेट फ्लाइट नंबर सांगून मागा. मोघम विचारलं तर मोघमच उत्तर मिळतं. दुरांतो किंवा विदर्भ एक्सप्रेसने जमणार असेल तर आधी रेल्वेचं तिकीट पक्कं करा, नंतरच रिफंड मागा.

दुसरं काम पुराव्याचं. मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा, त्यावरची तारीख आणि वेळ दिसू द्या. पुढचा सगळा हिशेब त्या वेळेवर चालतो. किमान दोन आठवडे आधी कळवलं तर पर्यायी विमान किंवा रिफंड, एवढाच हक्क. त्यानंतर, पण २४ तास आधीपर्यंत कळवलं तर मूळ वेळेच्या दोन तासांच्या आत सुटणारं विमान कंपनीने देऊ करावं, नाहीतर रिफंड. तेवढंही आधी कळवलं नाही तर रिफंडशिवाय वेगळी भरपाई मागता येते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, त्याहून लांबच्याला १०,०००. किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतली कमी असेल ती रक्कम. नागपूर-मुंबई मधल्या गटात येतं. बुकिंग करताना मोबाइल नंबर नीट दिलेला नसेल तर ही भरपाई मिळत नाही. दिल्लीचं धुकं, वादळ, संप अशा कारणांतही नाही. मात्र तेव्हाही पर्यायी विमान किंवा रिफंडचा हक्क शाबूत असतो. म्हणून रद्द होण्याचं कारण ईमेलवर लेखी मागून घ्या.

सोनेगावला विमानतळावर पोहोचल्यावर कळलं, तर काउंटरवर रांगेत उभं राहूनच कस्टमर केअरलाही फोन लावा. जो आधी उत्तर देईल त्याच्याकडून काम करून घ्या. पर्यायी विमानाची वाट बघताना खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची असते. ती मागा, त्यात संकोच कसला?

मुंबईहून पुढे परदेशी जाणारं विमान असेल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर आहेत का, ते आधी पाहा. एकाच तिकिटावर असतील तर चुकलेल्या पुढच्या विमानाबद्दलही कंपनीला जाब विचारता येतो. स्वस्त पडतं म्हणून वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर दुसरी कंपनी तुम्ही आलाच नाहीत असं धरते. परदेशी जाताना नागपूरपासून एकच तिकीट घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

क्रेडिट कार्डने पैसे भरले असतील तर रिफंड सात दिवसांत यायला हवा. धरमपेठेतल्या एजंटकडून तिकीट घेतलं असेल, तरी पैसे परत करण्याची जबाबदारी कंपनीचीच.

दाद लागली नाही तर कंपनीच्या वेबसाइटवर दिलेल्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, लिहा. मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा, किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तरीही नाही जमलं, तर ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते. कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असलं तरी नागपूरच्या जिल्हा आयोगात चालते. तिकिटाची किंमत ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. तक्रारीसोबत तिकीट, तो स्क्रीनशॉट, कंपनीशी झालेले ईमेल आणि स्वतःच्या पैशाने केलेल्या खर्चाच्या पावत्या जोडा.