दोघं जण आणि मोजकं बजेट: प्राग असं फिरा

युरोप म्हटलं की आपल्याकडं पॅरिस, स्वित्झर्लंड आणि टूर कंपनीची एसी बस एवढंच डोळ्यासमोर येतं, आणि मग आकडा ऐकून विषय तिथंच मिटतो. पण दोघं मित्र असाल, चालायची तयारी असेल आणि जुन्या वास्तूंचा नाद असेल तर प्राग धरा. चेक रिपब्लिकची राजधानी, जुना भाग सगळा पायी होतो, आणि बघण्यासारखं बरंचसं रस्त्यावरच उभं आहे, तिकीट काढून आत जायची गरज नाही. प्रागमध्ये पैसे बघण्यात जात नाहीत, ते जातात नोटा बदलण्यात, चुकीच्या जागी जेवण्यात आणि दोघांनी आधी नीट न बोलल्यामुळं.

आधी व्हिसाचं उरकतो. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) लागतो, मोठ्या माणसाची फी ९० युरो, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज, आणि व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा पाहिजे. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान १५ दिवस आधी करावाच लागतो, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळताना घाम फुटतो, म्हणून लवकर लागा. दोघांची अपॉइंटमेंट एकाच दिवशी घ्या, म्हणजे सांगली-मिरजेहून रात्रीची गाडी पकडून मुंबईला एकच फेरी होते आणि एकाचा कागद राहिला तर दुसरा झेरॉक्सला पळू शकतो.

आता पैशाचं, आणि हे नीट वाचा. चेक रिपब्लिक युरोपियन युनियनमध्ये आहे पण तिथं चलन युरो नाही, क्राउन आहे. त्यामुळं युरोचं फॉरेक्स कार्ड घेऊन गेलात तर प्रत्येक स्वाइपला करन्सी बदलायचा चार्ज वेगळा लागू शकतो, कार्ड घेतानाच हे विचारून घ्या. एका युरोला साधारण २४-२५ क्राउन येतात, हा आकडा डोक्यात पक्का ठेवायचा. कारण जुन्या शहरात पावलोपावली एक्स्चेंजची दुकानं आहेत, बाहेर मोठ्या अक्षरात ‘झिरो कमिशन’ लिहिलेलं असतं, आणि बोर्डावर जो छान रेट दिसतो तो बऱ्याचदा एकतर ते विकतात त्याचा असतो किंवा मोठी रक्कम बदलणाऱ्यालाच मिळतो. तुम्ही ५० युरो दिले की हातात भलतंच काहीतरी पडतं. म्हणून नोट काचेखालून सरकवायच्या आधी कागदावर लिहून विचारायचं, एवढ्याचे एकूण किती क्राउन देणार, आणि आकडा पटला तरच नोट सोडायची. तरीही फसलात तर एक कायदा तुमच्या बाजूनं आहे: २०१९ पासून तिथं १,००० युरोपर्यंतचा व्यवहार ३ तासांच्या आत कारण न देता रद्द करता येतो, फक्त पावती पाहिजे. पावती फेकू नका मग. आणि रस्त्यात कोणी येऊन ‘जास्त रेट देतो’ म्हणाला तर सरळ चालू पडायचं, ती लोकं क्राउनच्या नावाखाली दुसऱ्याच देशाच्या, कधीकधी चलनातून बाद झालेल्या नोटा खपवतात.

एटीएमचंही तसंच. मशीन विचारतं की तुमच्या चलनात कन्व्हर्ट करू का, रुपयात आकडा दाखवतं, आणि आपल्याला वाटतं वा, बरं झालं, कळलं तरी किती कटणार. तिथंच नाही म्हणायचं. क्राउनमध्येच घ्यायचं. हॉटेलातल्या कार्ड मशीनलाही हेच लागू.

दोघांचा हिशोब कसा ठेवायचा? माझ्या मते रोज रात्री ‘तू कॉफीचे दिलेस, मी टॉयलेटचे दिले’ करत बसणं म्हणजे मैत्रीची वाट लावायची सोपी पद्धत. एक कॉमन पाकीट करा, सकाळी दोघांनी सारखी रक्कम टाकायची, तिकीट, जेवण, पाणी सगळं त्यातून, आणि बिअर किंवा शॉपिंग ज्याची त्याची. पाकीट एकाकडं द्या, शक्यतो ज्याला ‘जाऊदे रे, घेऊन टाकू’ म्हणायची सवय आहे त्याच्याकडं नको.

एअरपोर्टहून टॅक्सी करायची अजिबात गरज नाही. ५९ नंबरची ट्रॉलीबस नाद्राझी वेलेस्लावीन या मेट्रो स्टेशनला सोडते, तिथून हिरवी लाइन थेट जुन्या शहरात जाते, आणि ट्रॉलीबस, मेट्रो, ट्राम सगळ्याला एकच तिकीट चालतं. कागदी तिकीट घेतलं असेल तर ते पिवळ्या मशीनमध्ये एकदा पंच करायचं, नुसतं खिशात ठेवून भागत नाही. चेकर साध्या कपड्यात फिरतात, टुरिस्ट आहे म्हणून सोडत नाहीत. राहायला अगदी मध्यवर्ती भाग नको. झिझकोव्ह, होलेशोवित्से, कार्लीन असल्या भागात ट्रामच्या जवळ आणि किचन असलेलं हॉस्टेल बघा. आणि सामान कमी न्या, तिथल्या दगडी फरशीवर ट्रॉली बॅगची चाकं जो आवाज करतात तो ऐकून अख्खी गल्ली वळून बघते.

पहिल्या दिवशी किल्ला, आणि तो उलटा करायचा. सगळी गर्दी खालून धापा टाकत वर चढते, आपण २२ नंबरची ट्राम धरून पोहोर्झेलेत्सला उतरायचं आणि उतारानं खाली यायचं. अजिंक्यतारा, सज्जनगड चढलेल्या माणसाला ते चढण काहीच नाही, पण दिवसभर चालायचंय तर पाय कशाला घालवा. वाटेत स्त्राहोव्ह मठाच्या बाजूनं शहराचा व्ह्यू दिसतो, मग किल्ल्याची आवारं. आवारात फिरायला पैसे लागत नाहीत, फक्त सिक्युरिटी चेक होऊ शकतो. तिकीट लागतं ते आतल्या इमारतींना, आणि ते दोन दिवस चालतं, त्यामुळं एकाच दिवसात सगळं कोंबू नका. सेंट व्हिटस कॅथेड्रलचं काम १३४४ मध्ये सुरू झालं आणि पूर्ण झालं १९२९ मध्ये, म्हणजे आपला सांगलीचा आयर्विन पूल ज्या वर्षी वाहतुकीला खुला झाला त्याच वर्षी! ५८५ वर्षं एकच बांधकाम, आणि आपण उड्डाणपुलाला शिव्या घालतो. कॅथेड्रलच्या दाराजवळचा थोडा भाग विनातिकीट बघता येतो, तेवढा तरी बघाच.

किल्ल्यावरून नेरुदोवा रस्त्यानं उतरा आणि मान वर ठेवून चाला. १७७० मध्ये घरांना नंबर आले, त्याच्या आधी घर ओळखायचं ते दारावरच्या चिन्हावरून. एका घरावर दोन सूर्य, एकावर तीन व्हायोलिन. ही चिन्हं शोधायचा खेळ दोघांत लावा, जो कमी शोधेल तो आइस्क्रीम देणार, पाकिटातून नाही, स्वतःच्या खिशातून. खाली माला स्त्राना भागात वाल्डस्टाइन राजवाड्याची बाग आहे, आज त्या राजवाड्यात त्यांचं सिनेट बसतं. उन्हाळी महिन्यांत बाग फुकट उघडी असते, आत मोर फिरत असतात. डबा खायला ही मस्त जागा.

चार्ल्स ब्रिज मात्र पहाटे. म्हणजे खरंच पहाटे, जूनमध्ये ५ वाजता उजाडलेलं असतं. १० नंतर तिथं सांगलीच्या हरभट रोडवर दिवाळीच्या आदल्या दिवशी असते तशी गर्दी होते आणि पाकीटमारांचीही सोय होते. राजा चौथ्या चार्ल्सनं १३५७ मध्ये पायाभरणी केलेला, ५१६ मीटर लांब, १६ कमानींचा, कठड्यांवर ३० पुतळे. आपण सांगलीचे असल्यानं पूल बघितला की पहिला प्रश्न पाण्याचाच. तर जुन्या शहराच्या बाजूला पुलाच्या टोकाला नदीच्या भिंतीत एक दगडी दाढीवाला चेहरा बसवलाय, ब्रादाच म्हणतात त्याला. पुराचं पाणी त्याच्या कुठपर्यंत आलं त्यावरून लोक धोका ओळखायचे. आपल्याकडं श्रावणात जो तो ‘आयर्विनला किती फूट?’ विचारतो ना, तेच काम हा चेहरा करायचा. १८९० च्या पुरात पुलाच्या काही कमानी वाहून गेल्या होत्या, आणि ऑगस्ट २००२ मध्ये व्लतावा नदीचं पाणी मेट्रोत शिरलं, कित्येक स्टेशनं महिनोन्‌महिने बंद होती. २०१९ ला आयर्विनची पातळी ५७ फुटांच्या वर गेलेली ज्यांनी बघितली त्यांनी पुलाखालच्या काम्पा बेटावर जाऊन भिंतींवरच्या पूररेषा बघाव्यात, गाइडची गरज लागणार नाही.

जुन्या चौकातलं १४१० चं खगोलीय घड्याळ फुकटच आहे, दर तासाला सांगाडा घंटा वाजवतो, वर खिडकीतून प्रेषितांचे पुतळे फिरतात, शेवटी कोंबडा आरवतो, एका मिनिटात खेळ खल्लास. खरं सांगू तर एवढ्यासाठी अर्धा तास उभं राहण्यात अर्थ नाही, त्या वेळात तबकडी नीट बघा. आणि सगळ्यांच्या माना वर असताना तुमचा हात खिशावर पाहिजे. संध्याकाळी लेतना पार्कमध्ये जा, तिथून नदीवरचे पूल एका ओळीत दिसतात. दुसऱ्या एखाद्या दिवशी विशेहरादची तटबंदी, तिथल्या स्मशानभूमीत संगीतकार ड्वोर्झाक आणि स्मेताना आहेत, टुरिस्ट कमी, पैसे शून्य.

जेवणाचा मुख्य नियम: दुपारी पोटभर, रात्री घरी. सोमवार ते शुक्रवार साधारण ११ ते २ मध्ये ‘पोलेदनी मेनू’ लिहिलेला बोर्ड शोधा, ऑफिसची माणसं खातात तो दुपारचा मेनू, संध्याकाळपेक्षा खूप स्वस्त. चौकापासून दोन-चार गल्ल्या आत गेलं की हा बोर्ड दिसतोच. मांसाचे शब्द पाठ करा: होव्येझी म्हणजे गाय-बैलाचं, वेप्रझोवे डुकराचं, कुर्झेत्सी चिकन, आणि ‘बेझ मासा’ म्हणजे मांसाशिवाय. गुलाश आणि स्विचकोवा हे तिथले रस्सावाले पदार्थ बहुतेक वेळा होव्येझीच असतात, जे खात नाहीत त्यांनी लक्ष ठेवा. शाकाहारी असाल तर स्माझेनी सीर, म्हणजे जाड चीजचा तळलेला तुकडा, सोबत बटाटे, पोट टम्म. चौकातल्या स्टॉलवरचं भाजलेलं हॅम बघून भुलू नका, भाव १०० ग्रॅमचा असतो आणि माणूस न विचारता मोठा तुकडा कापतो, बिल बघून जेवण पचत नाही.

रात्रीसाठी सुपरमार्केटमधून रोहलीक नावाचे पाव, दही, टोमॅटो, आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी. भडंग, मेतकूट, भाजणी बिनधास्त न्या, पण पेढे, खवा, तूप नको, बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला युरोपियन युनियनमध्ये बंदी आहे. नळाचं पाणी पिण्यासारखं आहे, बाटली भरून घ्या.

आणि रोज दोन-तीन तास वेगळे फिरा. एकाला म्युझियम आवडतं, दुसऱ्याला बाकावर बसून माणसं बघायची असतात, दोघांनी एकमेकांसाठी मन मारायचं आणि तिकिटाचे पैसेही घालवायचे, कशाला. भेटायची जागा वेन्सेस्लास चौकातला घोड्यावरचा पुतळा, तिथली लोकंसुद्धा ‘घोड्यापाशी भेटू’ म्हणतात, आपल्या मारुती चौकासारखंच. वेळ ठरवून ठेवा, नेट बंद पडलं तरी चुकामूक होत नाही.

शेवटच्या दिवशी पाकिटात उरलेली नाणी आधी संपवा, नाणी परत कोणी बदलून देत नाही. शहरातल्याच सुपरमार्केटमध्ये चॉकलेट घ्या, एअरपोर्टवर तीच महाग पडतात, आणि नोटा उरल्या तर त्या जाईल त्याच्याकडं द्या, पुढच्या उन्हाळ्यात गल्लीतलं कोणीतरी निघालेलं असतंच.