ॲक्सेसची वरची पट्टी गायब झाली तेव्हा

आमच्या वाचनालयाची वर्गणी ॲक्सेसच्या (मायक्रोसॉफ्टचा माहिती साठवायचा प्रोग्रॅम) जुन्या फाइलमध्ये आहे. नव्या संगणकावर ती उघडली, तर वर फक्त ‘फाइल’ आणि ‘होम’ हे टॅब. मला यादी एक्सेलमध्ये काढायची होती आणि त्यासाठी लागणाऱ्या ‘एक्स्टर्नल डेटा’ टॅबचा पत्ताच नाही.

आधी कंट्रोल + एफ१ दाबून पाहिलं. त्यानं मिटलेली रिबन, म्हणजे वरची पट्टी, उघडते, पण इथे टॅबच नव्हते. मग अख्खा प्रोग्रॅम पुन्हा टाकला. अर्धा दिवस फुकट! शेवटी सहज एक नवी कोरी फाइल उघडली, तर तिच्यात सगळे टॅब जागच्या जागी. म्हणजे गोम आमच्या फाइलमध्येच.

शिफ्ट दाबून धरली आणि फाइल उघडली. स्टार्टअपची, म्हणजे फाइल उघडताना लागणारी, सेटिंग्ज त्यामुळे लागू होत नाहीत. मग फाइल, ऑप्शन्स, करंट डेटाबेस. खाली ‘अलाउ फुल मेन्यूज’ (सगळे मेन्यू दाखवा) समोरची खूण काढलेली! फाइल बनवणाऱ्यानं काढली असणार, कुणी भलतीकडे हात घालू नये म्हणून. खूण केली, फाइल बंद करून उघडली, टॅब हजर.

राहिलं जुन्या टूलबारवरचं ‘पावती छापा’ बटण. २००७ च्या आवृत्तीपासून असे स्वतः बनवलेले टूलबार ‘ॲड-इन्स’ टॅबखाली जातात. तिथे निमूट बसलं होतं.