रेडिएशन मीटरचे अंतरंग: आकड्यावर भिस्त ठेवण्याआधी काय पाहावे

ठाणे खाडीच्या पलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अलीकडे वाशीला समस्थानिकांचे काम करणारे ‘ब्रिट’चे (विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचे) संकुल असल्यामुळे या परिसरातील विज्ञानशिक्षकाला किंवा जिज्ञासू रहिवाशाला स्वतःचा रेडिएशन मीटर असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र मीटर निवडताना पडद्याचा आकार नव्हे, तर आतला डिटेक्टर, म्हणजे किरण टिपणारा भाग, आधी विचारावा, कारण मीटरची कुवत तिथेच ठरते.

स्वस्त मीटरमध्ये बहुधा गायगर-म्युलर नळी असते. तिची धातूची भिंत हा ऋणाग्र आणि मधोमध ताणलेली बारीक तार हा धनाग्र. आत कमी दाबाखाली निऑन किंवा आर्गॉन आणि किंचित हॅलोजन वायू भरलेला असतो. गॅमा किरण (किरणोत्सर्गी पदार्थांतून निघणारे भेदक किरण) बहुतेक वेळा भिंतीतून एखादा इलेक्ट्रॉन उडवतो, तो वायूचे आयनीभवन करतो, म्हणजे त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे करतो, आणि तारेजवळच्या तीव्र विद्युतक्षेत्रात आयनीभवनाची साखळी उसळून एक स्पंद मिळतो; ही साखळी थांबवून नळी पुढच्या किरणासाठी मोकळी करण्याचे काम हॅलोजन करतो. किरण दुबळा असो वा जोरकस, स्पंद सारखाच येतो, म्हणून ही नळी किरण मोजते, त्यांची ऊर्जा ओळखत नाही. कमी ऊर्जेच्या गॅमा किरणांना ती प्रमाणाबाहेर प्रतिसाद देते; ते आटोक्यात आणण्यासाठी चांगल्या मीटरमध्ये नळीभोवती धातूचे पातळ आवरण असते. ते आहे का, हे माहितीपत्रकात अवश्य पाहावे. अल्फा कण, म्हणजे पातळ अडथळ्यानेही थांबणारे जड कण, मोजायचे असतील तर अभ्रकाची पातळ खिडकी असलेली नळीच लागते आणि त्या खिडकीला बोटाचा स्पर्शही होऊ देऊ नये.

दुसरा प्रकार प्रस्फुरकाचा, म्हणजे किरण पडताच क्षणभर चमकणाऱ्या पदार्थाचा. थॅलियमयुक्त सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात गॅमा किरण शिरला की प्रकाशाचा क्षीण झोत निघतो आणि प्रकाशगुणक नळी त्याचे विद्युतस्पंदात रूपांतर करते. ही जोडी कितीतरी अधिक संवेदनशील असते आणि ऊर्जाही सांगते, परंतु हा स्फटिक दमटपणा शोषतो. त्याचे आवरण तडकले तर तो पिवळा पडून निकामी होत जातो.

त्यानंतर येतो उच्च व्होल्टतेचा भाग. बॅटरीच्या काही व्होल्टांपासून गायगर नळीसाठी साधारण 400 ते 900 व्होल्ट तयार करावे लागतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात खरी कसोटी याच भागाची लागते: सर्किटवर ओलावा साचला की विद्युतगळती होऊन खोटे स्पंद नोंदले जाऊ शकतात. मीटर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा आणि वापर नसताना बॅटरी काढावी.

पुढचे इलेक्ट्रॉनिक सर्किट क्षुल्लक गोंगाट गाळून स्पंद मोजते आणि प्रतिमिनिट संख्येला एका गुणकाने मायक्रोसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) प्रतितासात बदलते. हा गुणक सहसा सीझियम-137 हा किरणोत्सर्गी स्रोत गृहीत धरून ठरवलेला असतो, त्यामुळे इतर स्रोतांसाठी आकडा अंदाजाचा राहतो. शिवाय मोजणी थोडी असेल तर चढउतार मोठा दिसणारच: मिनिटाला 25 स्पंद मिळत असतील तर एका मिनिटाच्या मोजणीत सुमारे 20 टक्के अनिश्चितता असते, सोळा मिनिटांत 400 स्पंद जमले की ती 5 टक्क्यांवर येते. लहान नळीच्या मीटरकडे घाईने पाहून निष्कर्ष काढणे म्हणूनच चूक आहे.

मोजमाप मोकळ्या जागी, जमिनीपासून एक मीटर उंचीवर, कोरड्या दिवशी घ्यावे आणि तीच आपली मूळ नोंद मानावी. नैसर्गिक पातळी सर्वसाधारणपणे 0.1 मायक्रोसिव्हर्ट प्रतितासाच्या आसपास असते. पारसिक किंवा येऊरच्या डोंगरातल्या बेसॉल्टमध्ये युरेनियम-थोरियम कमी असते, तर स्वयंपाकघराच्या ओट्यावरच्या ग्रॅनाइटमध्ये तुलनेने अधिक. ओट्याला मीटर टेकवल्यावर आकडा थोडा वाढला तर नवल मानू नये. जोरदार सरीनंतरही तो काही काळ चढतो, कारण पाऊस हवेतल्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूची अपत्ये, म्हणजे त्याच्या विघटनातून बनलेले शिसे-214 आणि बिस्मथ-214, जमिनीवर आणतो. त्यांचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटित होण्याचा काळ, अनुक्रमे सुमारे 27 व 20 मिनिटे असल्याने काही तासांत नोंद पूर्ववत होते.

भंगारातल्या एखाद्या वस्तूजवळ मात्र आकडा मूळ नोंदीच्या अनेक पट दिसला आणि दूर जाताच उतरला, तर वस्तूला हात न लावता लांब व्हावे, इतरांनाही दूर ठेवावे आणि पोलिसांमार्फत अणुऊर्जा नियामक परिषदेला कळवावे.