सामाजिक शास्त्रांतील पीएचडी: प्रश्न आणि पैसा यांचा एकत्र विचार

सामाजिक शास्त्रांत पीएचडी करू इच्छिणारे बहुतेक जण आधी विषय ठरवतात, मग मार्गदर्शक शोधतात, प्रवेश मिळवतात आणि खर्चाचा प्रश्न सगळ्यात शेवटी हाती घेतात. हा क्रम चुकीचा आहे, असे मला ठामपणे वाटते. प्रयोगशाळेतील विज्ञानांत संशोधक विद्यार्थ्याचे विद्यावेतन अनेकदा मार्गदर्शकाच्या प्रकल्पातून निघते आणि त्याचा विषयही त्याच प्रकल्पाचा एक भाग असतो. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मानवशास्त्र किंवा इतिहास या विषयांत मात्र विद्यार्थी बहुधा स्वतःचा प्रश्न घेऊन एकट्याने काम करतो आणि त्यासाठी लागणारा पैसाही त्यालाच उभा करावा लागतो. पैसा कोण देणार, किती वर्षे देणार आणि त्या बदल्यात कोणते काम मागणार, यावर क्षेत्रकार्याला, म्हणजे लोकांमध्ये जाऊन माहिती गोळा करण्याच्या कामाला, किती महिने मिळतील, नवी भाषा शिकता येईल का आणि प्रबंध शांतपणे लिहिता येईल का, हे सारे ठरते. म्हणून संशोधनाचा प्रश्न आणि त्याचे अंदाजपत्रक या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून शेजारी ठेवून विचारात घ्याव्यात.

विषयाचा प्रश्न होईपर्यंत

‘स्थलांतर आणि कुटुंब’ हा विषय झाला; त्यावर पीएचडी करता येत नाही, कारण त्यात शोधायचे काय ते सांगितलेले नाही. आता तोच विषय असा मांडून पाहा: ‘पुरुष हंगामी स्थलांतर करतात अशा शेतकरी कुटुंबांत, मागे राहिलेल्या स्त्रियांच्या हाती आलेले शेतीविषयक निर्णय पुरुष परतल्यानंतरही त्यांच्याकडेच राहतात का?’ या वाक्यात कोणाला भेटायचे, कधी भेटायचे आणि काय पाहायचे, हे तिन्ही आले. त्याचबरोबर खर्चही आला, कारण पुरुष गावात नसतानाचा आणि परतल्यानंतरचा असे दोन्ही काळ पाहायचे तर किमान एक पूर्ण वर्ष त्या भागात राहणे किंवा वारंवार जाणे भाग आहे. याच कुतूहलातून दुसराही प्रश्न निघू शकतो. आधीच झालेल्या मोठ्या कुटुंब-सर्वेक्षणांची आकडेवारी घेऊन, पुरुषांच्या स्थलांतराचा आणि स्त्रियांच्या जमीनमालकीचा संबंध तपासता येईल. त्याला गावात राहण्याचा खर्च लागणार नाही, पण संख्याशास्त्राचे पक्के प्रशिक्षण आणि आकडेवारी वापरण्याची परवानगी लागेल. दोन्ही प्रश्न तितकेच मोलाचे आहेत. तुमच्याकडे असलेली वर्षे, पैसा आणि कौशल्य यांत कोणता बसतो, हे मात्र आराखडा लिहिण्यापूर्वी पाहावे लागते.

संशोधन आराखड्यात नवखे उमेदवार पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा पानेच्या पाने लिहितात आणि पद्धतीला एक परिच्छेद देतात. निवड समिती नेमके उलट वाचते. या विषयावर काय म्हटले गेले आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, एवढी खात्री तिला दोन पानांत पटते. त्यानंतर तिला हवे असते ते म्हणजे माहिती कोठून आणि कशी मिळवणार, ती मिळाली नाही तर काय करणार आणि कोणत्या महिन्यात कोणते काम होणार. ‘सखोल मुलाखती घेण्यात येतील’ या वाक्याने कोणाचेही समाधान होत नाही. किती मुलाखती, कोणत्या भाषेत, निवड कशी आणि त्या लोकांपर्यंत पोहोचण्याची वाट कोणती, हे लिहावे.

मार्गदर्शक

मार्गदर्शकाला पाठवायचे पहिले पत्र एका पानापेक्षा मोठे नसावे. त्यांच्या कोणत्या लेखनाशी तुमचा प्रश्न जोडलेला आहे, तुमचा प्रश्न काय आहे, तुमची तयारी कोणती आहे आणि पुढील वर्षी ते नवे विद्यार्थी घेणार आहेत का, एवढेच त्यात यावे. एकच मजकूर तीस जणांना पाठवला की तो वाचणाऱ्याला लगेच कळतो. या पत्राचे वजन सर्वत्र सारखे नसते, हेही लक्षात ठेवावे. जर्मनीत वैयक्तिक पद्धतीने, म्हणजे ठरलेल्या अभ्यासक्रमाऐवजी एकाच प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली, पीएचडी करायची तर प्राध्यापकाची संमती हीच पहिली पायरी असते. अमेरिकेतील अनेक विभागांत मात्र प्रवेशाचा निर्णय समिती घेते आणि एखाद्या प्राध्यापकाने दिलेले आश्वासन पुरेसे ठरत नाही.

मोठे नाव पाहून मार्गदर्शक निवडू नये. त्यांच्या सध्याच्या आणि माजी विद्यार्थ्यांशी बोलावे आणि थेट प्रश्न विचारावेत: लिहिलेले प्रकरण किती दिवसांत वाचून परत मिळते, किती विद्यार्थ्यांनी प्रबंध पूर्ण केला, किती जण मध्येच सोडून गेले आणि मार्गदर्शक पुढील चार-पाच वर्षांत निवृत्त किंवा दीर्घ रजेवर जाणार आहेत का. सहा महिने प्रकरण न वाचणारा मार्गदर्शक विद्यार्थ्याची अर्ध्या वर्षाची फेलोशिप खर्चून टाकतो, मग त्याची विद्वत्ता कितीही मोठी असो.

पैसा कोठून येतो

जगभरातील व्यवस्था पाहिल्या तर ढोबळमानाने तीन वाटा दिसतात. पहिली वाट नोकरीची. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि नेदरलँड्स येथे पीएचडीच्या जागा बहुतांशी वेतन असलेल्या पदांप्रमाणे जाहीर होतात आणि त्यांच्यासाठी नोकरीसारखाच अर्ज करावा लागतो. स्वीडनमध्ये पूर्णवेळ चार वर्षांचा कालावधी असतो आणि विभागाचे अध्यापनासारखे काम, जास्तीत जास्त २० टक्के, जोडले तर तो पाच वर्षांपर्यंत जातो. नॉर्वेत तीन वर्षे, किंवा २५ टक्के विभागीय कामासह चार वर्षे अशी रचना असते. सामाजिक सुरक्षा आणि रजा मिळत असल्याने, विशेषतः मुले लहान असलेल्या उमेदवारांनी, ही वाट आधी पाहावी. जाहिराती वर्षभर येत राहतात, त्यामुळे त्यांच्यावर सतत लक्ष ठेवावे लागते. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी डॉक्टोरल नेटवर्कमधील (अनेक संस्थांनी मिळून चालवलेल्या पीएचडी प्रशिक्षण योजनेतील) जागाही वेतनाच्याच असतात. मात्र त्यासाठी नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक काळ नेमणुकीच्याच देशात वास्तव्य झालेले चालत नाही. पदव्युत्तर शिक्षणासाठी आधीच त्या देशात गेलेले कित्येक जण या अटीत अडकतात.

दुसरी वाट विद्यापीठाच्या पॅकेजची, आणि ती मुख्यतः अमेरिकेतील आहे. तेथील चांगले विभाग प्रवेशासोबतच शुल्कमाफी, स्टायपेंड (विद्यावेतन) आणि बहुधा आरोग्यविमा देतात. त्या बदल्यात काही वर्षे अध्यापन सहायक म्हणून काम करावे लागते. पहिली दोन वर्षे अभ्यासक्रम, त्यानंतर पात्रता परीक्षा आणि मग प्रबंध, असा हा पाच ते सात वर्षांचा प्रवास असतो. पदव्युत्तर पदवी नसली तरी अनेक विभाग अर्ज स्वीकारतात. अर्जांची मुदत साधारण डिसेंबर ते जानेवारीत असते. एक नियम मात्र अर्जदारांना फारसा माहीत नसतो: तेथील पदव्युत्तर शिक्षणसंस्थांच्या परिषदेच्या ठरावाला बांधील असलेली विद्यापीठे अर्थसाहाय्याच्या प्रस्तावावर १५ एप्रिलपूर्वी निर्णय देण्याची सक्ती करत नाहीत. म्हणून फेब्रुवारीत आलेल्या पहिल्या होकाराने घाईघाईने सही करण्याचे कारण नाही.

तिसरी वाट स्पर्धात्मक फेलोशिपची. येथे प्रवेश एकीकडे आणि पैसा दुसरीकडे असतो, आणि याच फटीत सर्वाधिक उमेदवार पडतात. ब्रिटनमध्ये सामाजिक शास्त्रांसाठी ईएसआरसी (आर्थिक आणि सामाजिक संशोधन परिषद) ही संस्था विद्यापीठांच्या गटांमार्फत अनुदान देते. २०२१ पासून परदेशी विद्यार्थीही त्यासाठी पात्र आहेत, पण त्यांच्या प्रमाणाला ३० टक्क्यांची मर्यादा आहे. राष्ट्रकुल देशांतील विद्यार्थ्यांसाठी १९५९ मध्ये आखलेली राष्ट्रकुल शिष्यवृत्ती वेगळी आहे. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत पीएचडीसाठी सहसा शिक्षणशुल्क नसते, पण राहण्याच्या खर्चासाठी डीएएडी (जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा) किंवा तत्सम शिष्यवृत्ती, अथवा विभागातील अर्धवेळ पद मिळवावे लागते. भारतात नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) हा मुख्य आधार आहे: पहिली दोन वर्षे जेआरएफ आणि कामाचे मूल्यमापन झाल्यावर एसआरएफ (वरिष्ठ संशोधन फेलोशिप), अशी ती एकूण पाच वर्षांपर्यंत चालते. १९६९ मध्ये स्थापन झालेली आयसीएसएसआर (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) सामाजिक शास्त्रांसाठी स्वतंत्र डॉक्टोरल फेलोशिप देते. इटलीतील फ्लोरेन्सच्या युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूटमध्ये अर्थशास्त्र, इतिहास, कायदा आणि राज्य-समाजशास्त्र या विषयांत पीएचडी करता येते आणि तेथील चार वर्षांची अनुदाने मुख्यतः सदस्य देश देतात. तुमच्या देशासाठी अनुदान आहे का, ते आधी पाहावे.

या तिसऱ्या वाटेवर एक गोष्ट सतत तपासावी: शिष्यवृत्तीची अंतिम तारीख अनेकदा प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या कित्येक आठवडे आधी असते. प्रवेशाचा अर्ज वेळेत केला, पण तोवर शिष्यवृत्तीची मुदत उलटून गेली होती, हे दुःख मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. इच्छित सुरुवातीच्या अठरा महिने आधी एक साधे कोष्टक करावे आणि त्यात प्रत्येक ठिकाणच्या दोन्ही तारखा, शिफारसपत्रे देणाऱ्यांची नावे आणि भाषेच्या परीक्षेची वैधता लिहावी. शिफारसपत्र देणाऱ्यांना किमान सहा आठवडे आधी आराखड्यासह विनंती करावी.

स्वतःच्या खर्चाने पीएचडी करावी का? नोकरी सांभाळून, आपल्याच शहरात, अर्धवेळ नोंदणी करून काम करणाऱ्यांसाठी ती वाट खरी आहे आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु मोठे कर्ज काढून परदेशात अनुदानाशिवाय पीएचडीला जाऊ नये, असे मी प्रत्येकाला सांगतो. पदवीनंतर कायमची प्राध्यापकी मिळेल याची हमी नसते, आणि हप्ते मात्र ठरल्या वेळी सुरू होतात. एक वर्ष थांबून, आराखडा सुधारून पुन्हा अर्ज करणे अशा कर्जापेक्षा केव्हाही बरे.

होकाराचे पत्र आणि त्यानंतरची वर्षे

होकाराचे पत्र आले की ते करारासारखे वाचावे. शुल्कमाफी किती वर्षांची, स्टायपेंड बारा महिन्यांचा की नऊ, उन्हाळ्यात काय, अध्यापनाचे तास आठवड्याला किती, क्षेत्रकार्यासाठी विद्यापीठाबाहेर असताना पैसे चालू राहतात की थांबतात, आजारपण किंवा प्रसूतीच्या काळात कालावधी वाढतो का, ही उत्तरे पत्रात नसतील तर ईमेलने विचारून लेखी मिळवावीत. तोंडी ‘ते होऊन जाईल’ यावर विसंबू नये, कारण तसे म्हणणारी व्यक्ती दोन वर्षांनी त्या पदावर असेलच असे नाही.

क्षेत्रकार्याचा खर्च बहुतेक फेलोशिपमध्ये पुरेसा धरलेला नसतो. मानवशास्त्रासाठी वेनर-ग्रेन फाउंडेशन प्रबंधाच्या क्षेत्रकार्याला अनुदान देते आणि त्याला राष्ट्रीयत्वाची अट नाही. इतर शाखांत व्यावसायिक संघटनांची आणि विद्यापीठांची छोटी अनुदाने असतात. ती छोटी असली तरी मागावीत, कारण एक मिळालेले अनुदान दुसऱ्या अर्जात विश्वास निर्माण करते. आता वेळेचा हिशेब पाहा. समजा, तुम्ही प्रत्येकी दीड तासाच्या ६० मुलाखती घेतल्या. हे ९० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. एक तासाचे ध्वनिमुद्रण उतरवून काढायला चार ते सहा तास लागतात, म्हणजे ३६० ते ५४० तास. रोज सहा तास मान मोडून काम केले तरी ६० ते ९० दिवस जातात, आणि तेवढ्या दिवसांचे घरभाडे आणि जेवण तुम्हालाच भागवायचे असते. हे काम दुसऱ्याकडून करून घ्यायचे तर त्याचे पैसे आधीच अंदाजपत्रकात घालावे लागतात. नैतिकता समितीची (संशोधनात सहभागी लोकांचे हित जपले जाते का हे पाहणाऱ्या समितीची) मंजुरी आणि परदेशी संशोधनाचे परवाने यांनाही महिने लागतात, म्हणून त्यांचे अर्ज क्षेत्रकार्याच्या बऱ्याच आधी करावेत.

सर्वांत जोखमीचा काळ म्हणजे फेलोशिप संपल्यापासून प्रबंध सादर होईपर्यंतचा. माझी स्वतःची फेलोशिप तीन वर्षांची होती आणि प्रबंध सादर व्हायला त्यानंतर सोळा महिने लागले. त्या काळात दोन ठिकाणी तासिका तत्त्वावर शिकवताना शेवटची दोन प्रकरणे रात्री लिहिली गेली आणि ती आजही मला कच्ची वाटतात. हा काळ टाळता येतोच असे नाही, पण त्याची तरतूद करता येते. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच प्रबंधपूर्तीची अनुदाने शोधावीत, कारण काही संस्था केवळ शेवटच्या वर्षासाठीच पैसे देतात आणि अर्जासोबत किमान दोन पूर्ण प्रकरणे मागतात. फेलोशिपची मुदत संपण्यापूर्वी सहा महिने, किती प्रकरणे झाली, किती उरली आणि प्रत्येकाला किती आठवडे लागतील याचे एक पानी टिपण करून मार्गदर्शकाच्या सहीसह मुदतवाढीचा अर्ज कार्यालयात द्यावा, आणि त्याची तारीख घातलेली पोच स्वतःजवळ ठेवावी.