ओपन की क्लोज्ड? फोन-टॅब घेण्याआधी हे तपासा

अँड्रॉइड ओपन आणि आयफोन क्लोज्ड, एवढ्यावर बरेच जण निर्णय घेऊन मोकळे होतात, पण तेवढ्याने भागत नाही भो. ओपनपणा तीन ठिकाणी बघायचा असतो, कोड (म्हणजे सिस्टीम ज्यातून बनते तो प्रोग्राम) कोणाच्या हातात आहे, ॲप कुठून टाकता येतं आणि गरज पडली तर आख्खी सिस्टीमच बदलता येते का. एकाच फोनमधे तिन्हीची उत्तरं वेगवेगळी निघतात, म्हणून जळगावला गोलाणी मार्केटला जा नाहीतर ऑनलाइन मागवा, आधी हे बघून घ्या.

कोडचं पटकन सांगतो. अँड्रॉइडचा मूळ कोड २००८ पासून खुला आहे, ॲमेझॉनने त्यावरच आपली फायर ओएस नावाची सिस्टीम बनवलीय. पण आपण विकत घेतो त्या फोनात प्ले स्टोअर, मॅप्स, जीमेल ही गुगलची ॲप असतात आणि त्यांचा कोड बंद आहे. ही सगळी ॲप एकगठ्ठा फोनात टाकायची सक्ती फोन कंपन्यांवर होती, त्यासकट अजून काही गोष्टींवरून २०२२ मधे आपल्या स्पर्धा आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड लावला होता. ॲपलचं आयओएस आणि आयपॅडओएस तर फक्त ॲपलच्याच डिव्हाइसवर चालतं, तिथे दुसऱ्या कंपनीचा विषयच नाही.

आता ॲप, हे नीट वाचा. आयफोन-आयपॅडवर भारतात सामान्य माणसाला ॲप स्टोअरशिवाय रस्ता नाही, युरोपियन युनियनमधे कायद्यामुळे २०२४ पासून दुसरी स्टोअर चालतात पण ते तिकडे. अँड्रॉइडवर एपीके (ॲप इन्स्टॉल करायची फाईल) थेट टाकता येते, एफ-ड्रॉइडसारखं स्टोअर वापरता येतं जिथे सगळी ओपन सोर्स, म्हणजे खुल्या कोडची ॲप असतात आणि अकाउंट लागत नाही. तोरणमाळ, धडगावकडे जाणाऱ्यांनी ऑर्गॅनिक मॅप्स टाकून नकाशा घरूनच डाउनलोड करून ठेवावा, सातपुड्यात रेंज गेली तरी रस्ता दिसतो (हे ॲप आयफोनवरपण मिळतं).

पण ह्याच दारातून चोर पण येतो. व्हॉट्सॲपवर "आरटीओ चलान" नाहीतर "पीएम किसान" नावाची एपीके येते, घाईत माणूस इन्स्टॉल दाबतो, एसएमएसची परवानगी देतो आणि बँकेचे ओटीपी तिसऱ्याकडे जायला लागतात. म्हणून आईवडिलांचा फोन हातात घ्या, सेटिंग्जच्या सर्चमधे "अननोन ॲप्स" टाईप करा, यादी उघडेल, त्यात व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाईल मॅनेजर तिघांसमोरचं बटण बंद करा. अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी ॲपनुसार वेगळी असते त्यामुळे एक बंद करून चालत नाही. चुकून असलं काही टाकलं गेलंच तर आधी नेट बंद करा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला कॉल करा, उद्यावर ढकलू नका.

तिसरं, बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा छोटा प्रोग्राम, त्याला कुलूप असलं तर दुसरी सिस्टीम टाकता येत नाही, आणि दुकानात हे कोणी विचारतच नाही. जुन्या टॅबला कंपनीचे अपडेट थांबले की लिनिएजओएससारखी (अँड्रॉइडच्याच खुल्या कोडवर बनवलेली) सिस्टीम टाकून तो पोराच्या अभ्यासाला अजून चालवता येतो, पण बूटलोडर अनलॉक होत असेल तरच. डेमो पीस मिळाला तर सेटिंग्जच्या अबाउटमधे बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील, त्यात "ओईएम अनलॉकिंग" (बूटलोडर उघडायची परवानगी) आहे का आणि ते दाबता येतंय का बघा. ते दिसलं तरी काही कंपन्या पुढे अडवतात, म्हणून कंपनीचा नियम वाचा आणि लिनिएजच्या साईटवर तुमचा मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर जुळवा, नुसतं नाव सारखं असून चालत नाही. अनलॉक करताना फोनातलं सगळं पुसलं जातं, वॉरंटीचा वांधा होऊ शकतो आणि बँकेची, यूपीआयची काही ॲप चालायला नकार देतात. त्यामुळे ज्या फोनवर केळीचं पेमेंट येतं त्यावर हा उद्योग करू नका, जुन्या टॅबवर बिनधास्त करा.

अपडेटमधे मात्र क्लोज्डवाल्यांना मानावं लागतं. २०१५ च्या आयफोन ६एस ला २०२१ मधे आयओएस १५ मिळालं. अँड्रॉइडमधे गुगलच्या पिक्सेल ८ फोनपासून सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन आहे पण स्वस्त टॅबमधे तसं नसतं, तिथे सेटिंग्जमधे सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा, वर्षभर जुनी असेल तर तो पीस सोडा.

माझं मत विचाराल तर घरात फोन सांभाळून द्यायला कोणी नसेल आणि बजेट असेल तर म्हाताऱ्या माणसांना आयफोन द्या, जुना चालेल पण अपडेट चालू असलेला. शिकणाऱ्या पोरापोरींना अनलॉक होणारा अँड्रॉइड द्या, त्यांना आतलं उघडून बघू द्या, त्यातूनच येतं.

सेकंड हँड घेताना विकणाऱ्यासमोरच रीसेट करून परत चालू करा. जुना ॲपल आयडी किंवा गुगल अकाउंट मागितलं तर त्याला तिथेच काढायला लावा, तोपर्यंत पैसे देऊ नका. आणि अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताय तर व्हॉट्सॲपच्या चॅट "मूव्ह टू आयओएस" ॲपमधून न्या, नवा आयफोन सेट करतानाच ते करायचं असतं. गुगल ड्राइव्हचा बॅकअप आयफोनवर उघडत नाही, त्यामुळे चॅट तिकडे दिसेपर्यंत जुना फोन पुसू नका.