सुपरहिरोपटांच्या कथानकातली छिद्रे कशी तपासावीत

चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या गर्दीत सुपरहिरोपटाविषयी एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘एवढी ताकद होती, तर मग त्याने हे आधीच का नाही केले?’ प्रश्न रास्त वाटतो. परंतु बहुतेक वेळा त्याचे उत्तर चित्रपटातच कोठेतरी देऊन झालेले असते, आणि जेथे कथा खरोखर उसवलेली असते तिकडे कोणाचे लक्षच गेलेले नसते. ज्यांना अशा चित्रपटांवर लिहायचे आहे, किंवा निदान मित्रमंडळींच्या वादात मुद्द्याचे बोलायचे आहे, त्यांच्यासाठी तपासणीची एक रीत येथे मांडली आहे. चित्रपटाने स्वतः कोणता शब्द दिला होता ते आधी शोधावे आणि तो कोठे मोडला ते मग दाखवावे, एवढाच तिचा आधार आहे. आपल्या मनातल्या वास्तवाची फूटपट्टी चित्रपटाला लावू नये.

माणूस उडतो, कोळी चावल्यामुळे भिंतीवर चढतो, रागावला की हिरवा राक्षस होतो, या गोष्टी प्रेक्षकाने तिकीट काढतानाच मान्य केलेल्या असतात. त्यांच्यावर बोट ठेवणे म्हणजे पौराणिक नाटकाला जाऊन हनुमान समुद्र कसा ओलांडतो, असे विचारण्यासारखे आहे. ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त असे म्हटले आहे की, न पटणाऱ्या शक्य गोष्टीपेक्षा पटणारी अशक्य गोष्ट कवीने पसंत करावी. सुपरहिरोपट तपासताना हे वाक्य फार उपयोगी पडते. ‘स्पायडर-मॅन ३’ (२००७) या सॅम रेमी यांच्या चित्रपटात वाळूचा माणूस उभा राहतो ते अशक्य असले तरी पटते. याउलट, आपल्या वडिलांचा खून पीटरने, म्हणजे स्पायडर-मॅनने, केला असे त्याचा मित्र हॅरी ऑसबॉर्न एवढा काळ धरून बसलेला असताना, हॅरीच्या घरातला जुना नोकर ऐन शेवटी येऊन सांगतो की, जखम मी स्वतः धुतली होती आणि ती तुमच्या वडिलांच्याच ग्लायडरच्या, म्हणजे त्यांच्या उडत्या वाहनाच्या, पात्याची होती. नोकराने गप्प राहणे अशक्य मुळीच नाही, पण ते पटत नाही. कारण हे सत्य त्याने आधी सांगितले असते तर वैर वाढलेच नसते, आणि तो आता बोलतो ते केवळ पटकथेला आता गरज पडली म्हणून. वाळूचा माणूस सोडून द्यावा, नोकर धरावा.

पहिल्यांदा चित्रपट पाहताना वही काढू नये. ज्या ठिकाणी आपले मन कथेतून बाहेर पडले ती ठिकाणे तेवढी लक्षात ठेवावीत, कारण रंगून पाहत असताना जे खटकले तेच बहुधा महत्त्वाचे असते. दुसऱ्या वेळी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारावी. डावीकडे चित्रपटाने काय सांगितले ते वेळेसह लिहावे : शक्तीची मर्यादा, शस्त्राचा नियम, एखाद्या पात्राची दुखापत, कोणाला कोणती गोष्ट ठाऊक आहे ते. उजवीकडे पुढे प्रत्यक्ष काय घडले ते लिहावे. पाऊण चित्रपट होईपर्यंत उजवी बाजू बरीचशी रिकामी राहते, आणि मग शेवटच्या अर्ध्या तासात ती भराभर भरू लागते. डावीकडची जी नोंद उजवीकडे कधी पोहोचलीच नाही, किंवा पोहोचली ती उलटी होऊन, तेथे खूण करावी.

या पद्धतीचा फायदा एका उदाहरणाने स्पष्ट होईल. क्रिस्तोफर नोलन यांच्या ‘द डार्क नाइट रायझेस’मध्ये (२०१२) ब्रूस वेन दूरदेशीच्या विहिरीसारख्या तुरुंगातून निसटतो, आणि पुढे थेट वेढा पडलेल्या गॉथम शहरात उभा दिसतो. (या तुरुंगाबाहेरचे चित्रण जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याच्या परिसरात झाले असल्यामुळे आपल्याकडच्या प्रेक्षकाला तो देश फार दूरचा वाटत नाही, हा भाग वेगळा.) पैसा नाही, पारपत्र नाही, पूल उडवलेले, तरी तो आत शिरला कसा, हा प्रश्न या चित्रपटाविषयी हटकून विचारला जातो. परंतु हे छिद्र नव्हे, गाळलेला प्रवास आहे. ‘बॅटमॅन बिगिन्स’ने (२००५) हाच माणूस फाटक्या कपड्यांनिशी जगभर भटकताना आणि लपून वावरण्याची विद्या शिकताना दाखवला आहे, तेव्हा तेवढे अंतर प्रेक्षक स्वतः भरून काढू शकतो. आता वहीची डावी बाजू पाहावी. चित्रपटाच्या आरंभी ब्रूस काठी घेऊन चालतो, त्याच्या गुडघ्यातली कूर्चा संपली असल्याचे डॉक्टर सांगतो, आणि पायाला यांत्रिक पट्टा बांधल्यावरच तो पुन्हा बॅटमॅन होऊ शकतो. तुरुंगात तो पट्टा नाही. पाठीची दुखापत दोराला टांगून बरी केली जाते, हे निदान दाखवले तरी आहे. गुडघ्याचे मात्र नावही निघत नाही, आणि त्याच गुडघ्यावर तो अख्ख्या चित्रपटातली सर्वांत अवघड उडी मारतो. ‘परत कसा आला’ या प्रश्नापेक्षा ‘गुडघ्याचे काय झाले’ हा प्रश्न चित्रपटाला अधिक अडचणीचा आहे, कारण तो शब्द चित्रपटाने स्वतः दिला होता आणि शरीराची किंमत हाच त्या कथेचा विषय होता.

पात्राची चूक आणि पटकथेची चूक यांची गल्लत सर्रास होते. ‘ॲव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’मध्ये (२०१८) अर्धे विश्व नष्ट करू पाहणारा खलनायक थॅनोस याच्या हातातला शक्तिमणी जडवलेला धातूचा पंजा निघत आलेला असताना, आपली प्रेयसी गमोरा हिच्या मृत्यूची गोष्ट कळून पीटर क्विल त्याच्यावर तुटून पडतो आणि हातातोंडाशी आलेला विजय घालवतो. मूर्खपणा खराच, पण ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’च्या दुसऱ्या भागात (२०१७) आपल्या आईच्या आजाराला बापच कारण होता हे कळताच याच माणसाने क्षणाचाही विचार न करता बापावर गोळ्या झाडल्या होत्या. तो स्वभावाला धरून वागला, म्हणजे पटकथेने शब्द पाळला. तसेच ‘आयर्न मॅन ३’मध्ये (२०१३) नायकाच्या घरावर हल्ला झाला तेव्हा शेवटच्या लढाईत उडत येणारी त्याची ती सगळी चिलखते कोठे होती, असे विचारण्यापूर्वी तळघराच्या दारांवरचा ढिगारा उपसण्यासाठी क्रेन आल्याचे सांगणारे वाक्य ऐकलेले असावे. ते वाक्य पुरेसे आहे का, यावर वाद घालता येईल. ते नाहीच, असे म्हणता येणार नाही.

योगायोगाच्या बाबतीत पटकथाकारांमध्ये रूढ असलेला संकेत लक्षात ठेवावा : योगायोगाने नायक संकटात सापडला तर चालते, योगायोगाने सुटला तर नाही. ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’मध्ये (२०१९) क्वांटम जगात, म्हणजे अणूहूनही सूक्ष्म अशा जगात, अडकलेला स्कॉट लँग (अँट-मॅन) पाच वर्षांनी बाहेर येतो तो एका उंदरामुळे, तो उंदीर गोदामातल्या गाडीवरच्या यंत्रावर चढतो आणि नेमकी कळ दाबली जाते. समर्थक सांगतात की, आधीच्या भागात डॉक्टर स्ट्रेंजने १,४०,००,६०५ भविष्ये पाहिली होती व त्यांपैकी एकाच भविष्यात विजय होता, तेव्हा हा उंदीरही त्यातच आला. तर्क बिनचूक आहे आणि त्याने छिद्र बुजते. पण थॅनोसने नाहीशा केलेल्या अर्ध्या विश्वाची सुटका ज्या क्षणावर टेकली आहे, त्या क्षणी कोणत्याही पात्राला काहीही निवडावे लागत नाही, हा अशक्तपणा तसाच राहतो. छिद्र आणि अशक्तपणा या दोन वेगळ्या तक्रारी आहेत; लिहितानाही त्या वेगळ्याच ठेवाव्यात.

यानंतरची पायरी बहुतेक समीक्षक वगळतात, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे : छिद्र लेखनात पडले की संकलनाच्या टेबलावर, हे पाहणे. झॅक स्नायडर यांच्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’च्या (२०१६) चित्रपटगृहातल्या आवृत्तीत आफ्रिकेतल्या हत्याकांडाचा ठपका सुपरमॅनवर येतो, परंतु माणसे मेली आहेत ती भाडोत्री सैनिकांच्या गोळ्यांनी, आणि जो नजरेने पोलाद वितळवतो तो बंदूक कशाला वापरेल, हे चौकशी करणाऱ्या कोणाच्या डोक्यात येत नाही. पुढे संसदभवनात चाकांच्या खुर्चीत दडवलेला बॉम्ब फुटतो, आणि भिंतीपलीकडचे पाहणाऱ्या सुपरमॅनला तो दिसत नाही. त्याच वर्षी आलेल्या, सुमारे अर्ध्या तासाने मोठ्या आवृत्तीत दोन्ही गोष्टींचा उलगडा आहे : प्रेते ज्वालाफेकी यंत्राने जाळून सुपरमॅनच्या नजरेचा आळ उभा केला गेला होता, साक्षीदार स्त्रीवर दबाव होता, आणि खुर्चीला आतून शिशाचे अस्तर होते. शिशापलीकडचे त्याला दिसत नाही, हे सुपरमॅनच्या वाचकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणजे उत्तर लिहिले गेले होते, चित्रित झाले होते, आणि लांबी कमी करताना कापले गेले. ती मोठी आवृत्ती पाहण्याआधी मी स्वतः या खुर्चीवरून पटकथाकारांना बरेच बोल लावले होते. ते मागे घ्यावे लागले.

‘जस्टिस लीग’ तर या अभ्यासासाठी जणू मुद्दाम तयार केल्यासारखा आहे, कारण तीच कथा दोन रूपांत उपलब्ध आहे. स्नायडर मध्येच बाहेर पडल्यानंतर जॉस व्हेडन यांनी काही भाग नव्याने लिहून चित्रित केला आणि २०१७ साली दोन तासांचा चित्रपट प्रदर्शित झाला. २०२१ मध्ये स्नायडर यांची चार तासांहून किंचित मोठी आवृत्ती आली. दोन्हींत सुपरमॅनला जिवंत करण्यासाठी ‘मदर बॉक्स’ नावाची पेटी वापरली जाते, आणि त्यानंतर खलनायक ती पळवतो. २०१७ च्या रूपात, ज्या पेटीवर पृथ्वीचे भवितव्य अवलंबून आहे ती नायकमंडळी सरळ मागे टाकून जातात आणि खलनायक ती पडद्याआड उचलून नेतो. २०२१ च्या रूपात नायकांपैकी एक असलेल्या सायबॉर्गचे वडील स्वतःचा जीव देऊन ती पेटी प्रचंड तापवतात. पेटी जाते ती जातेच, पण त्या उष्णतेमुळे तिचा माग काढता येतो आणि बापलेकांच्या दुराव्याचीही तेथे अखेर होते. कथेची गरज दोन्हीकडे एकच आहे, पेटी शत्रूच्या हाती पडली पाहिजे. ती एके ठिकाणी निष्काळजीपणाने भागवली आहे, दुसरीकडे त्यागाने. दोन्ही प्रसंग लागोपाठ लावून पाहावेत. कच्चा दुवा आणि पक्का दुवा यांतला फरक शिकण्यासाठी इतकी सोयीची जोडी मला दुसरी माहीत नाही. चार तासांची आवृत्ती जागोजागी रेंगाळते, हेही कबूल केले पाहिजे. छिद्रे बुजवल्याने चित्रपट आपोआप चांगला होत नाही.

कालप्रवासाच्या कथेत नियम पात्राच्या तोंडून जसाच्या तसा उतरवून घ्यावा. ‘एंडगेम’मध्ये ब्रूस बॅनर (हल्क) समजावतो की, भूतकाळात गेलात तर तो भूतकाळ तुमचे भविष्य होतो, आणि तेथे काहीही केले तरी तुम्ही मागे सोडलेला वर्तमान बदलत नाही. या नियमाची कसोटी पुढे लागते : थॅनोसची मुलगी नेब्युला आपल्याच २०१४ सालच्या रूपाला ठार मारते आणि तरीही स्वतः नाहीशी होत नाही. येथवर शब्द पाळलेला आहे, आणि ‘ती मेली तर ही कशी जिवंत’ ही शंका गैरलागू आहे. अडचण शेवटच्या प्रसंगात येते. भूतकाळातून आणलेले शक्तिमणी परत ठेवायला गेलेला स्टीव्ह रॉजर्स (कॅप्टन अमेरिका) कालप्रवासाच्या यंत्राच्या चौथऱ्यावर परतत नाही, तर म्हातारा होऊन जवळच्या बाकावर बसलेला आढळतो. तो दुसऱ्या काळशाखेत, म्हणजे भूतकाळ बदलल्याने फुटलेल्या वेगळ्या काळप्रवाहात, आयुष्य काढून आला असेल तर चौथऱ्यावर यायला हवा होता. याच शाखेत राहिला असेल तर बॅनरचा नियम मोडला. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर दिग्दर्शक रुसो बंधूंनी तो वेगळ्या शाखेत राहिला असे सांगितले, तर पटकथाकार मार्कस आणि मॅकफीली यांनी तो याच काळात राहिला असा कौल दिला. ज्यांनी मिळून चित्रपट केला त्यांचेच एकमत नसेल, तर उत्तर चित्रपटात नाही, हे निर्विवाद सिद्ध होते. मुलाखतीतला खुलासा किंवा पुढच्या मालिकेतली दुरुस्ती या चित्रपटाच्या खात्यावर जमा करू नये.

शेवटी किंमत पाहावी. रिचर्ड डॉनर यांच्या ‘सुपरमॅन’मध्ये (१९७८) मानवी इतिहासात ढवळाढवळ करण्याची वडिलांनी घातलेली बंदी मोडून नायक पृथ्वीभोवती उडतो, काळ मागे फिरवतो आणि मेलेली प्रेयसी लोइस हिला परत मिळवतो. (हा शेवट मुळात दुसऱ्या भागासाठी योजलेला होता.) बंदी मोडणे हे छिद्र नव्हे, दुःखाने वेडा झालेला माणूस बंदी मोडतोच. पण एवढा मोठा नियम मोडल्याबद्दल त्याला काहीही भोगावे लागत नाही, आणि ही युक्ती एकदा हाताशी आल्यावर कोणत्याच मृत्यूचे भय उरत नाही. मृत पात्रे परत आणण्याची जी सवय या चित्रप्रकाराला पुढे लागली, तिच्याविषयी लिहिताना ‘कसे परत आले’ यापेक्षा ‘काय देऊन परत आले’ हे विचारावे.

सापडलेला दोष मांडताना त्याचे तीन भाग करावेत : चित्रपट अमुक ठिकाणी हे सांगतो, तमुक ठिकाणी त्याच्या उलट करतो, आणि त्यामुळे अमक्या प्रसंगाचे वजन जाते. तिसरा भाग लिहिता येत नसेल तर तो दोष फार तर तळटीपेत टाकावा, कारण मागच्या टेबलावरचा पेला एका दृश्यात भरलेला आणि दुसऱ्यात रिकामा दिसला म्हणून कोणतीही कथा कोसळत नाही. रहस्यभेद होणार असेल तर तशी सूचना पहिल्याच ओळीत द्यावी, आणि तिच्याशेजारीच आपण कोणती आवृत्ती पाहिली व तिची लांबी किती, हेही नोंदवावे.